कुंकळ्ळीची सायबीण आणि बारा वांगड

गोव्यातल्या बहुतेक चर्चचा इतिहास दाराशेजारच्या दगडी पाटीवर मावतो. पाया कधी घातला, कोणत्या पाद्रीने बांधले, जीर्णोद्धार कधी झाला, एवढे सांगितले की संपले. साष्टी तालुक्यातल्या कुंकळ्ळीच्या चर्चचा इतिहास मात्र चर्च बांधण्याच्या आधीच सुरू होतो, आणि तो सुरू होतो रक्तपाताने. चर्चसाठी जागा पाहायला आलेले पाच जेझुइट (कॅथलिक येशूसंघाचे धर्मप्रसारक) १५ जुलै १५८३ रोजी याच गावात मारले गेले. त्याचा सूड म्हणून पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथेच कापून काढले. एवढे होऊनही त्याच गावात ‘नोसा सेन्योरा द सावद’, म्हणजे आरोग्य देणाऱ्या सायबिणीचे (येशूची आई मरिया हिचे) चर्च उभे राहिले. आज त्या चर्चमध्ये रविवारी मिसेला (प्रार्थनाविधीला) बसणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा वंश त्याच मारल्या गेलेल्या पुढाऱ्यांच्या कुळांशी जाऊन मिळतो.

हे घडले कसे? जबरदस्ती हे एक उत्तर आहे आणि ते खरे आहे, पण अपुरे आहे. साष्टीत जबरदस्ती सगळीकडेच झाली. कुंकळ्ळीने त्या जबरदस्तीच्या पोटात काय टिकवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहिल्याशिवाय या चर्चचा इतिहास पुरा होत नाही. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली पाद्रींच्या हातात नव्हती, व्हाइसरॉयच्याही नव्हती. ती गावच्या बारा वांगडांपाशी, म्हणजे गाव वसवणाऱ्या कुळांच्या बारा गटांपाशी होती.

आधीची चाळीस वर्षे

तिसवाडी १५१० मध्येच पोर्तुगीजांच्या हातात गेली होती. बार्देश आणि साष्टी हे दोन महाल १५४३ मध्ये आदिलशाहीकडून त्यांच्याकडे आले. बार्देश फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्रींकडे आणि साष्टी जेझुइटांकडे, अशी धर्मांतराची वाटणी झाली आणि १५६० नंतर साष्टीत या कामाला जोर आला. १५६७ च्या सुमारास रायतूर किल्ल्याचा कप्तान दियोगो रॉड्रिग्ज याने लोटलीपासून देवळे जाळायला सुरुवात केली. त्या मोहिमेत साष्टीतली सुमारे २८० देवळे पडली. याच वर्षांत देव पळवले गेले, खरे तर वाचवले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. नदीपलीकडचा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांचा नव्हता, म्हणून रात्रीच्या अंधारात होड्यांतून नेलेल्या मूर्ती पलीकडे सुरक्षित राहिल्या.

देऊळ पाडणे म्हणजे नुसत्या भिंती पाडणे नव्हते, हे इथे थोडे थांबून समजून घ्यायला हवे. गोव्यातले गाव ही एक संस्था होती. गावची जमीन गांवकारीच्या, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ कुळांच्या सामाईक मालकीची. गांवकारांची कुळे वांगडांत विभागलेली. शेते दर ठरावीक वर्षांनी पावणीने, म्हणजे लिलावाने, खंडाने दिली जात, उत्पन्नातून बांध आणि मानशी (बांधांतली पाण्याची दारे) यांचा खर्च भागे, राज्याचा सारा जाई आणि उरलेले गांवकारांत वाटले जाई. देवळाची पूजा, वाजंत्री, दिवाबत्ती, भट, भाविणी, गुरव, सगळ्यांना नमशीच्या, म्हणजे देवळाच्या सेवेसाठी राखलेल्या, जमिनी लावून दिलेल्या. पोर्तुगीजांनी ही व्यवस्था मोडली नाही, उलट १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, ती लिहून काढली. गांवकारी चालू राहिली तर साराही नियमित येणार होता. देवळे गेल्यावर नमशीच्या जमिनींचे उत्पन्न चर्च आणि जेझुइटांच्या कॉलेजकडे वळवले गेले. म्हणजे देव बदलला, पण त्याला पोसणारी शेते तीच राहिली.

कुंकळ्ळीचे दुखणे इतरांहून वेगळे होते. साष्टीच्या दक्षिण टोकाला असलेले हे गाव बाजारपेठेचे. इथले विणकर, लोहार यांचा माल बाहेर जाई आणि कारवारच्या बाजूचा व्यापार इथून चाले. हाती पैसा होता, हत्यार होते, आणि पाठीमागे आदिलशाहीचा मुलूख. कुंकळ्ळी, वेरडे, असोळणे, वेळ्ळी आणि आंबेली या पाच गावांनी पोर्तुगीजांचा सारा देणे थांबवले. सैन्याने येऊन देवळे पाडली की सैन्य परतताच गावकरी ती पुन्हा बांधत. ही तक्रार जेझुइटांच्याच कागदपत्रांत आहे. त्या पाचांपैकी पेद्रो बेर्नो हा पाद्री कुंकळ्ळीवर गेलेल्या दोन दंडात्मक मोहिमांबरोबर होता आणि तिथली देवळे पाडण्यात त्याचा हात होता, हेही चर्चने लिहिलेल्या चरित्रांतच सांगितले आहे. पुढे काय घडले ते वाचताना ही गोष्ट नजरेआड होता कामा नये.

१५ जुलै १५८३

साष्टीच्या जेझुइटांचा प्रमुख तेव्हा रुदोल्फ आक्वाविवा होता. इटलीतल्या आत्रीच्या ड्यूकचा मुलगा, वय बत्तीस. तीन वर्षे फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात राहून, मुल्ला-पंडितांशी वाद करून तो नुकताच परतला होता. अकबराने त्याला मानाने वागवले होते. एवढ्या मोठ्या बादशहाच्या दरबारात ज्याच्या केसाला धक्का लागला नाही, तो एका बाजारगावात मारला गेला, याचे युरोपात फार आश्चर्य झाले. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. अकबराच्या दरबारात तो पाहुणा होता. कुंकळ्ळीत तो आदल्या मोहिमांच्या राखेवर क्रूस रोवायला आला होता.

पाच जण ओर्लीला जमले आणि तिथून कुंकळ्ळीला निघाले. आक्वाविवा, स्पेनचा अल्फोन्सो पाशेको, स्वित्झर्लंडकडचा बेर्नो, पोर्तुगीज आंतोनियो फ्रान्सिस्को आणि फ्रान्सिस्को आरान्या हा ब्रदर, जो चर्चबांधणीतला जाणकार होता. बरोबर गोन्सालो रॉड्रिग्ज नावाचा पोर्तुगीज आणि काही स्थानिक ख्रिस्ती माणसे. क्रूस उभारायचा आणि चर्चसाठी जागा निवडायची, एवढाच बेत होता. पावसाळ्याचे दिवस, शेतात लावणी चालू असण्याचा काळ. गावात बैठक बसली आणि थोड्याच वेळात हत्यारबंद जमाव चालून आला. रॉड्रिग्जने बंदूक रोखली, तेव्हा आपण लढायला आलेलो नाही, असे म्हणून पाशेकोने त्याला थांबवले, अशी हकीगत आहे. पाचही जण तलवारी-भाल्यांनी मारले गेले. रॉड्रिग्ज मारला गेला आणि चौदा स्थानिक ख्रिस्तीही.

या चौदांमध्ये दोमिंगो नावाचा एक मुलगा होता, तो कुंकळ्ळीचाच. रायतूरला पाद्रींच्या शाळेत शिकणारा. पाद्रींबरोबर फिरून त्याने त्यांना देवळे दाखवली होती. त्याला त्याच्या नात्यातल्याच एका वडीलधाऱ्याने ठार केले. दुसरा एक पोरगा पाशेकोच्या मिसेला मदत करणारा. त्याने पाशेकोचे प्रार्थनेचे पुस्तक हातातून सोडले नाही, म्हणून त्याचे हात तोडले. या एका दुपारच्या हकिगतीत पोर्तुगीज विरुद्ध गोवेकर अशी सरळ रेघ ओढता येत नाही, ती या मुलांमुळे. त्या दिवशी कुंकळ्ळीचा माणूस कुंकळ्ळीच्याच पोराला मारत होता.

प्रेते एका विहिरीत टाकली गेली. अडीच दिवसांनी ती बाहेर काढून रायतूरला चर्चमध्ये पुरण्यात आली. १५९७ मध्ये ते अवशेष जुन्या गोव्याच्या सांव पावलू कॉलेजात आणि १८६२ मध्ये तिथल्याच से कॅथीड्रलमध्ये हलवले गेले. ज्या विहिरीत प्रेते टाकली तिचे पाणी नंतर औषधी मानले गेले आणि दूरदूरचे लोक ते न्यायला येऊ लागले.

प्रेते ताब्यात घेऊन त्यांचे दफन करण्याच्या कामात जो पाद्री पुढे होता, त्याचे नाव मराठी वाचकाला चांगले ठाऊक आहे. तो थॉमस स्टीफन्स. १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरलेला हा इंग्रज कुंकळ्ळीच्या घटनेच्या वेळी साष्टीत होता. पुढची पस्तीसेक वर्षे त्याने बहुतांश साष्टीतच काढली आणि ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले, ते मराठीत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे, १६१६ मध्ये रायतूरला छापलेले. त्या पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे: साष्टीतल्या चर्चमध्ये नवख्रिस्ती माणूस पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्हाला आमच्या भाषेत दुसरी का देत नाही? हा प्रश्न स्टीफन्सला सुचावा यात १५८३ च्या जुलैचा वाटा नसेल असे मला वाटत नाही. देवळे पाडून आणि सैन्य आणून काय हाती लागते, ते त्याने विहिरीच्या काठावर पाहिले होते. त्यानंतर त्याने ओवी हाती घेतली. मराठी साहित्याच्या इतिहासात ख्रिस्तपुराणाचे कौतुक भाषेसाठी होते आणि ते रास्तच आहे. पण त्या ग्रंथाच्या पाठीमागे कुंकळ्ळी आहे, हे आपण शिकवत नाही, आणि शिकवायला हवे.

असोळण्याचा किल्ला

सूड लगेच घेतला गेला. सैन्य आले, गाव लुटले, बागायती तोडल्या. लोक रानात पळाले, काही आदिलशाही मुलखात गेले. असोळण्याला साळ नदीच्या काठी किल्ला होता. तिथे तह करण्याच्या मिषाने गावच्या सोळा पुढाऱ्यांना बोलावले. ते निःशस्त्र आले. चौकशी नाही, खटला नाही, पंधरा जणांना तिथेच मारण्यात आले. सोळावा शौचकूपाच्या वाटेने नदीत उडी टाकून निसटला आणि कारवारकडे गेला, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

मारहाणीपेक्षा खोल घाव जमिनीवर बसला. पाच गावांच्या गांवकाऱ्या जप्त झाल्या. असोळणे, वेळ्ळी, आंबेली जेझुइटांच्या वाट्याला आली. कुंकळ्ळी आणि वेरडे यांची जहागीर झाली आणि पुढे पोर्तुगालच्या एका उमराव घराण्याला ‘कुंकळ्ळीचा काउंट’ अशी पदवीच मिळाली. ज्या गांवकारांनी शेते काढली, बांध घातले, ते आपल्याच गावात कुळे झाले. साष्टीतल्या बाकीच्या गावांत धर्म बदलल्यावरही गांवकारी राहिली, तिचा हिस्सा राहिला, गांवकार म्हणून मान राहिला. कुंकळ्ळीत तो हिस्साही गेला. म्हणूनच की काय, जो मान उरला तो इथल्या लोकांनी जिवापाड धरून ठेवला.

वांगड चर्चमध्ये कसे आले

साष्टीतल्या चर्चचा रोजचा कारभार नुसता पाद्री चालवत नव्हता. चर्चच्या मालमत्तेसाठी फाब्रिक नावाची समिती आणि फेस्तांसाठी (चर्चच्या सणांसाठी), मिरवणुकांसाठी, मर्तिकांसाठी कोंफ्रारी. कोंफ्रारी म्हणजे चर्चमधला बंधुसंघ. त्याचे सभासद सणाच्या मिरवणुकीत ओपमूस घालून चालतात: अंगावर पांढरा पायघोळ झगा, खांद्यावर लाल वा दुसऱ्या रंगाची छोटी चादर, हातात मेणबत्ती किंवा कोंफ्रारीची काठी. पालखीसारखा चांदवा कोणी धरायचा, क्रूस कोणी उचलायचा, फेस्ताचा प्रेसिदेंत कोण, वेस्प्राच्या, म्हणजे सणाच्या आदल्या, संध्याकाळी बँड कोणाच्या घरून निघायचा, हे सगळे ठरलेले असते.

आता हीच यादी देवळाच्या बाबतीत करून पाहा. पालखीला खांदा कोणाचा, छत्र कोणाचे, तरंग कोणाचे, पहिला नारळ आणि पहिला प्रसाद कोणाचा. दोन्हीकडे मानकऱ्यांची तीच रचना आहे. गांवकारांनी देवळात जे हक्क उपभोगले तेच चर्चमध्ये मागितले, आणि पाद्रींनी ते दिले, कारण न देता गाव हाती येत नव्हते. साष्टीच्या बहुतेक कोंफ्राऱ्या अशा गांवकारांच्या म्हणूनच उभ्या राहिल्या. कुंकळ्ळीत बारा वांगडांची गणती जमीन गेल्यावरही टिकली, ती मानाच्या रूपाने. कोण कुठल्या वांगडाचा, हे लग्न जुळवताना आणि फेस्ताला आजही माहीत असते.

सावद सायबिणीचे चर्च कुंकळ्ळीत रुजले ते असे. मला चर्चच्या इमारतीहून ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. इमारत साष्टीतल्या इतर चर्चसारखीच: चिऱ्याच्या जाड भिंती, वर चुन्याचा गिलावा, कारण गोव्याचा चिरा उघडा ठेवला तर पावसाने झिजतो, दर पावसाळ्यानंतर नवी सफेदी. तेच चिरे, तोच चुना, तेच गवंडी शेजारच्या गावांत कधी देऊळ बांधत, कधी चर्च.

जेझुइटांना १७५९ मध्ये पोर्तुगीज राज्यातूनच हाकलण्यात आले. साष्टीतली चर्चे बिशपच्या हाताखालच्या, धर्मप्रांताच्या पाद्रींकडे गेली, आणि त्यांत गोव्यातलेच, त्याच गांवकार आणि बामण घराण्यांतले पाद्री वाढत गेले. ज्यांनी पाच जीव देऊन चर्चची जागा निवडली ते निघून गेले. चर्च मात्र गावाकडे राहिले.

देवी कुठे गेली

कुंकळ्ळीची शांतादुर्गा या धामधुमीत शेजारच्या फातर्प्याला नेली गेली. फातर्पा तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर होते. तिथे देऊळ झाले आणि देवी ‘श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण’ म्हणून पुजली जाऊ लागली. पौषातल्या तिच्या जत्रेला हिंदू जातातच, पण साष्टीतले ख्रिस्तीही मोठ्या संख्येने जातात. नवस बोलतात, ओटी भरतात, दुकानांतून खाजे घेऊन घरी येतात.

वर्षातून एकदा, फाल्गुनात शिगम्याच्या दिवसांत, देवी आपल्या गावी येते. याला सोंत्र्यो म्हणतात. बारा वांगडांच्या बारा उंच दांड्यांच्या छत्र्या देवीबरोबर फातर्प्याहून कुंकळ्ळीला, तिच्या मूळ जागी निघतात. ताशे, गुलाल, हजारो माणसे. छत्री धरणारा दोन्ही हातांनी दांडा पोटाशी घट्ट धरून चालतो, वाऱ्याने छत्री डुलते तशी त्याची पावलेही तिरकी पडतात आणि मागचे दोन गडी दोऱ्या ताणून तोल सावरतात. रस्त्याच्या कडेला, बाल्कांवांवर (घरापुढच्या ओट्यांवर), ख्रिस्ती घरांतल्या आजीबाई उभ्या राहतात. कुणी हात जोडते, कुणी कपाळाला हात लावून क्रूसाची खूण करते. गुलाल दोघींच्याही साडीवर आणि झग्यावर सारखाच पडतो. ख्रिस्ती झालेल्या वांगडांचा या छत्र्यांत वाटा आहे. ते आपले हक्क सांगतात आणि ते मानलेही जातात.

इन्क्विझिशन, म्हणजे धर्मनियम मोडणाऱ्यांना शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, गोव्यात १५६० मध्ये आले आणि मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत होते. १७३६ मध्ये तिने गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांनी पाळू नये अशा चालीरीतींची भली मोठी यादी काढली: लग्नातली हळद-उटणी, तुळस, ओव्या, कपडेलत्ते. धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे होऊन गेल्यावर ही यादी काढावी लागली, यातच सगळे आले. सोंत्र्योतला ख्रिस्ती वाटा हा त्या हुकमाविरुद्ध कोणी जाणूनबुजून केलेला बंडाचा प्रकार मानू नये. लोकांनी आपल्या वांगडाचे काम केले, एवढेच. पण तेवढ्याने हुकूम निष्फळ झाला.

मराठी वाचकांत, विशेषतः घाटावरच्या, एक समज आहे की गोव्याचे ख्रिस्ती लोक मनातून ‘अजून हिंदूच’ आहेत आणि म्हणून जत्रेला जातात. हा समज त्या लोकांचा अपमान करणारा आहे. कुंकळ्ळीतला ख्रिस्ती मनापासून ख्रिस्ती आहे. नोव्हेना (सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना) चुकवत नाही, लेंतात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात) मांस टाळतो, मे महिन्यात घरोघर तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो. तो कुंकळ्ळीचा गांवकारही आहे, आणि देवी गावची आहे. या दोन गोष्टींत त्याला विरोध दिसत नाही. तो दिसतो बाहेरच्यांना, ज्यांना गावाआधी धर्म दिसतो.

कोणाचे हुतात्मे

पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पोप लिओ तेराव्यांनी ‘धन्य’ घोषित केले. जुलैच्या अखेरीस त्यांचा सण पाळला जातो. वधाच्या जागी कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, आहे. गोवा मुक्तीनंतर हळूहळू दुसरी आठवण वर आली. असोळण्याला मारल्या गेलेल्या पुढाऱ्यांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहिले, तेही त्या कपेलाच्या जवळच. १५ जुलैला तिथे सरकारी मानवंदना होऊ लागली आणि ‘वसाहतवादाविरुद्धचा आशियातला पहिला उठाव’ असे त्याचे वर्णन होऊ लागले. पहिला की कितवा, या मोजदादीत मला रस नाही. असोळण्याला कपटाने मारलेली माणसे चारशे वर्षे सरकारी इतिहासात ‘खुनी’ म्हणून नोंदली गेली होती. त्यांना स्मारक मिळाले, हा न्याय झाला. आणि हे स्मारक उभारण्यासाठी झटणाऱ्यांत कुंकळ्ळीचे ख्रिस्तीही होते, कारण ते त्यांचेच पूर्वज.

यातून काही जण असा निष्कर्ष काढतात की आता कपेलातल्या पाचांना विसरावे. मला ते पटत नाही. आक्वाविवाने निःशस्त्र मरण पत्करले, यात शंका नाही. बेर्नोने देवळे पाडली, यातही नाही. एकाच टोळीत, एकाच दुपारी, दोघे मेले. गावातल्या मुलांना दोन्ही सांगता येते. कपेलात येणाऱ्या शाळकरी मुलांना बेर्नोच्या मोहिमा सांगाव्यात, आणि स्मारकाला येणाऱ्यांना दोमिंगो सांगावा. कारण ते चौदा स्थानिक ख्रिस्ती दोन्हीकडून सुटले आहेत. रोमने पाचांनाच धन्य केले. हे चौदा त्यात नाहीत. आणि उठावाच्या स्मारकावर त्यांना जागा मिळण्याचे कारणच नाही. कुंकळ्ळीच्या मातीतला पोरगा दोमिंगो ना इकडचा राहिला ना तिकडचा. या प्रकरणातला हा अन्याय मला सर्वांत जास्त सलतो.

वांगडाबाहेरची माणसे

आता जे सांगायचे आहे ते वांगडांची स्तुती करून झाल्यावर सांगणे भाग आहे. बारा वांगडांनी गाव सांभाळला. पण गावात बारा वांगडांखेरीज माणसे होती आणि आहेत. शेतात राबणारे गावडे, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार, कारागीर, माडांवर चढणारे रेंदेर. मूळ गांवकारांच्या कितीतरी आधीपासून या जमिनीवर असलेलेही त्यांत आहेत. तेही ख्रिस्ती झाले. त्याच चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, लग्ने झाली, दफने झाली. कोंफ्रारीचा ओपमूस मात्र त्यांना नव्हता. फेस्ताचा मान नव्हता. साष्टीतल्या अनेक चर्चमध्ये हा वाद विसाव्या शतकात उघड्यावर आला, आणि कुंकळ्ळीतही आला. चर्च सगळ्यांचे की गांवकारांचे, हा प्रश्न पाद्रीपर्यंत, बिशपपर्यंत आणि कोर्टापर्यंत जाऊन पोचला.

गांवकारांची बाजू ऐकली की तीही पोकळ वाटत नाही. ते म्हणतात, आमच्या पूर्वजांच्या जमिनी गेल्या, माणसे मारली गेली, उरला तो हा मान. तोही सोडला तर कुंकळ्ळी आणि दुसरे कोणतेही गाव यात फरक काय राहिला? बिगर-गांवकार म्हणतात, आमच्या घामावर ही शेते पिकली, आमच्या वर्गणीतून चर्चचे छप्पर शाकारले, आणि मिरवणुकीत आम्ही मागेच का चालायचे?

चर्चचे स्वतःचे म्हणणे स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, वेदीपुढे जातीचा आणि कुळाचा भेद चालवून घेण्याला कॅथलिक चर्चमध्ये कोणताही आधार उरलेला नाही. तरी कोंफ्रारीचे नियम म्हणजे जुन्या कायद्याने मान्य केलेला हक्क, असे सांगत वर्षानुवर्षे ते रेटले गेले. याला श्रद्धा म्हणता येत नाही. ज्या गावाने राजसत्तेपुढे वाकण्याचे नाकारले, त्याने आपल्याच शेजाऱ्याला तीनशे वर्षे वाकवून ठेवले, हे कुंकळ्ळीच्या अभिमानाच्या गोष्टीतच लिहिले पाहिजे. तेही त्याच वांगडाच्या रचनेतून आले, जिच्यामुळे सोंत्र्योत ख्रिस्ती छत्री टिकली.

काही चर्चमध्ये तोडगे निघाले. एके ठिकाणी गांवकारांचे फेस्त वेगळे आणि सगळ्या गावाचे वेगळे केले. एके ठिकाणी सगळ्यांसाठी नवी कोंफ्रारी काढली, आणि जुनी सभासदांवाचून रोडावत गेली, कारण गांवकारांची मुले आखातात आणि लंडनला गेली, ओपमूस घालायला माणसे उरली नाहीत. कुंकळ्ळीसमोर याहून सोपा मार्ग आहे असे मला वाटते, कारण इथे बारा वांगडांनी एकदा कठीण काम करून दाखवले आहे: धर्म वेगळा झाला तरी त्यांनी एकमेकांची छत्री मानली. गावड्याच्या पोराला कोंफ्रारीत घेणे त्याहून कठीण नाही. त्यासाठी कोर्टाची गरज नाही आणि रोमचीही नाही. फाब्रिकाच्या आणि कोंफ्रारीच्या बैठकीत गांवकारांनीच ठराव मांडायचा, त्यांनीच अनुमोदन द्यायचे, आणि येत्या फेस्ताच्या मिरवणुकीची यादी त्याप्रमाणे लिहायची.